आधी वॉल्व शोधा, मग टेन्शन घ्या!

रविवारी सकाळी सव्वासात. शनिवारी रात्री दोनपर्यंत जागून एक स्टोरी पाठवली होती, त्यामुळे बेल वाजली तेव्हा आज कुठला वार आहे हे आठवायलाच दहा सेकंद लागले. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचे काका. इस्त्रीचा हाफ शर्ट, डोळ्यांवर चष्मा आणि हातात बाथरूममधला निळा मग. मगमध्ये पाव भाग पाणी.

"हे तुमचं पाणी," काका म्हणाले. "कालपासून आमच्याकडे आलंय. परत द्यायला आलो."

बॉस, टोमणा कसा मारावा हे शिकायचं असेल तर पुण्यात फ्लॅट घ्या. तोही वरच्या मजल्यावर.

खरं सांगायचं तर चूक टोटली माझीच होती. काकांनी पहिल्यांदा सांगितलं जानेवारीत. "आमच्या पॅसेजमध्ये छताला ओल दिसतेय, जरा बघता का?" मी म्हटलं, "हो काका, बघते." फेब्रुवारीत लिफ्टमध्ये भेटले, तेव्हाही "बघते". मार्चमध्ये मी त्यांना पार्किंगमध्ये लांबून पाहिलं आणि फोनवर बोलत असल्याची अ‍ॅक्टिंग केली. आणि आता एप्रिलमध्ये पाणी स्वतःच मला भेटायला आलं होतं.

"पावसाळ्याच्या आत काम झालं नाही तर मी सोसायटीला लेखी देणार," काका म्हणाले आणि मग माझ्या हातात देऊन खाली गेले. मी दारात उभी. नाईट सूट, विस्कटलेले केस आणि हातात माझंच पाणी.

घरमालक कोण? मीच!

या कॉलमच्या नेहमीच्या वाचकांना आठवत असेल, पडद्याचा रॉड बसवताना मी भिंतीला चार जास्तीची भोकं पाडली होती. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला धीर दिला, काहींनी यथेच्छ हसून घेतलं. पण भोकं माझ्या भिंतीला होती, पुट्टी भरली की विषय संपला. हे प्रकरण वेगळं होतं. इथे माझ्या घरातला बिघाड दुसऱ्याच्या डोक्यावर पडत होता. अक्षरशः!

मी गेल्या दसऱ्याला कोथरूडमध्ये रीसेलचा वन बीएचके घेतला. तिसरा मजला, वीस वर्षं जुनी बिल्डिंग, वीस वर्षांचं लोन. त्याआधी सहा वर्षं भाड्याच्या घरात. भाड्याच्या घरात एक सुख असतं. नळ गळला, फोन करा. गीझर बंद, फोन करा. मालक कटकट करतो, आपण त्याच्याबद्दल ऑफिसात कटकट करतो, आणि कधीतरी प्लंबर येतो. आता घरमालकाला फोन करायचा तर माझाच फोन वाजणार होता.

आपल्यापैकी बहुतेकांचं हेच होतं. फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया बघतो, मेट्रो किती लांब ते बघतो, बाल्कनीतून टेकडी दिसते का ते बघतो. भिंतीमागून पाण्याचा पाइप कुठून जातो हे कोण विचारतं? मीही विचारलं नव्हतं.

'सगळं फोडावं लागेल'

सोमवारी एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. आल्याआल्या त्याने माझ्या मागे नजर टाकली आणि विचारलं, "साहेब कधी येतात?"

"साहेब मीच," मी म्हटलं.

त्याने खिशातलं नाणं काढून बाथरूमच्या फरशीवर दोन-तीन ठिकाणी टकटक केलं, मान हलवली. पूर्ण वेळ साडेचार मिनिटं. निदान असं: "मॅडम, वॉटरप्रूफिंग गेलंय. सगळं फोडावं लागेल. नवीन टाइल्स धरून ६५ हजार. आठ दिवस बाथरूम बंद."

६५ हजार! फ्रीलान्सरचं आयुष्य तुम्हाला माहीतच आहे. लेख आज छापून येतो, चेक तीन महिन्यांनी येतो, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जातो. आठ दिवस आंघोळीला कुठे जायचं हा प्रश्न वेगळाच.

रात्री साताऱ्याला बाबांना फोन लावला. माझे बाबा म्हणजे अशा पिढीतले, ज्यांच्या कॉटखाली एक पत्र्याची पेटी असते आणि त्या पेटीत जगातल्या प्रत्येक स्क्रूचा भाऊ असतो. लहानपणी रविवारी ते नळ उघडून बसायचे आणि मी बॅटरी धरायचे. माझं सगळं तांत्रिक शिक्षण तेवढंच, बॅटरी हलू न देणं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घराचा मेन वॉल्व कुठे आहे?"

"कुठला वॉल्व?"

पलीकडे शांतता. मग एक उसासा. "अगं, घर घेतलंस आणि पाणी कुठे बंद करायचं ते माहीत नाही? उद्या रात्री दोनला पाइप फुटला तर काय करशील? आधी तो शोध. मग पाणी कुठून येतंय ते शोध. हातोडा सगळ्यात शेवटी."

वॉल्व पुराण

तर दोस्तहो, पहिला धडा. आपल्याकडच्या बिल्डिंगमध्ये साधारणपणे पाणी बंद करायच्या तीन जागा असतात. एक गच्चीवर, टाकीतून तुमच्या घराकडे येणाऱ्या पाइपवर. दुसरी घरात, बाथरूम किंवा किचनच्या लाइनवर. आणि तिसरी प्रत्येक वस्तूजवळ. बेसिनखाली, फ्लश टँकच्या बाजूला जो छोटा नळ भिंतीतून डोकावतो ना, तो अँगल कॉक. नुसतं बेसिन दुरुस्त करायचं असेल तर तेवढाच बंद केला की पुरतं. बाकी घराचं पाणी चालू राहतं.

गच्चीवर गेले तर तिथे पाइपांचं जंगल. चोवीस वॉल्व आणि एकावरही नाव नाही. वॉचमनदादांना घेऊन एकेक बंद करून बघितला. चुकून दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंचं पाणी ऐन केस धुताना गेलं, त्याबद्दल त्यांची इथे जाहीर माफी मागते. शेवटी माझा सापडला. त्यावर मी ऑइल पेंटने फ्लॅट नंबर टाकला.

घरातला वॉल्व निघाला बाथरूमवरच्या माळ्यात, आधीच्या मालकांनी सोडलेल्या तुटक्या बादल्यांच्या मागे. वीस वर्षांत कोणी हात लावला नसावा, कारण तो जाम होता. मी दोन्ही हातांनी पिळायला घेतला, तेवढ्यात व्हिडीओ कॉलवरून बाबा ओरडले, "जोर लावू नकोस! दांडा तुटला तर घरात धबधबा होईल. थोडा पुढे, थोडा मागे, थोडा पुढे." पंधरा मिनिटं तसं केल्यावर तो फिरला. बाबांची आणखी एक टिप: फिरकीचा वॉल्व पूर्ण उघडून झाला की पाव फेरा परत मागे घ्यायचा, म्हणजे तो उघड्या अवस्थेत आवळून बसत नाही. आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा सहज बंद-चालू करून ठेवायचा. न वापरलेला वॉल्व आणि न वापरलेली जिम मेंबरशिप सारखीच, गरजेच्या वेळी दोन्हीही साथ देत नाहीत.

गळणाऱ्या पाण्याचे तीन स्वभाव

आता मुख्य डिटेक्टिव्हगिरी. गळती कुठलीही असो, पाणी तीनपैकी एका वाटेने येतं आणि तिन्हींचे स्वभाव वेगळे असतात.

पहिलं, नळाकडे येणाऱ्या पाइपमधलं. त्यात सतत दाब असतो. म्हणून ही गळती रात्रंदिवस चालू राहते, तुम्ही घरात असा किंवा गोव्याला.

दुसरं, वापरून वाहून जाणाऱ्या पाण्याचं, म्हणजे ड्रेनेजचं. हे तुम्ही वापर केला की वाढतं आणि नंतर कमी होत जातं.

तिसरं पावसाचं. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येणारं. पाऊस पडला की येतं, पाऊस थांबला की काही दिवसांनी ओसरतं.

आमच्याकडे कडक उन्हाळा होता, म्हणजे तिसरं बाद. पहिलं की दुसरं, हे ठरवायला मला कोणीतरी खालून बघणारं हवं होतं. मी धीर एकवटून खाली गेले आणि काकांना सगळा प्लॅन सांगितला. मला वाटलं, दार लावून घेतील. पण काकांचे डोळे चमकले. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली होती. रिटायर झाल्यापासून तपासायला काही मिळालंच नव्हतं बहुतेक!

"थांबा," म्हणाले आणि आतून रेघांची वही घेऊन आले. "दिवसातून चार वेळा, दहा मिनिटांत किती थेंब पडतात ते मी मोजतो. तुम्ही वर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी बदलल्या की नोंद रद्द!"

पहिल्या रात्री मेन वॉल्व चालू. रात्री अकराला दहा मिनिटांत तीस थेंब, पहाटे पाचला पंधरा. दुसऱ्या रात्री मेन वॉल्व बंद. अकराला एकतीस, पाचला चौदा. काही फरक नाही. म्हणजे दाबाच्या पाइपमध्ये गळती नव्हती. शिवाय रोज सकाळी माझं आवरून झालं की थेंब साठपर्यंत जायचे. दोष ड्रेनेजचा.

आता ड्रेनेजमध्ये संशयित तीन: बाथरूमची नहाणी, वॉशिंग मशीनचा पाइप आणि पॅसेजमधलं बेसिन. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा खोलगट असतो आणि फरशीखाली भराव असतो. त्या भरावात पाणी मुरून बसतं आणि गळती थांबवल्यावरही दोन-तीन दिवस हळूहळू खाली उतरत राहतं. म्हणून 'आज बंद केलं, उद्या बघू' असं चालत नाही. प्रत्येक संशयिताला किमान चार दिवस द्यायचे.

चार दिवस मशीन बंद. कपड्यांचा ढीग माझ्याकडे बघत राहिला. काकांच्या वहीत फरक शून्य.

मग चार दिवस बेसिन बंद. मी किचनमध्ये ब्रश करायचे, हात नहाणीजवळ धुवायचे. काकांची सकाळची नोंद: पहिल्या दिवशी पस्तीस, दुसऱ्या दिवशी चौदा, तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी सकाळी काकांचाच फोन. "अगं, शून्य! दहा नाही, वीस मिनिटं उभा होतो!"

मी 'अहो मॅडम'वरून 'अगं' कधी झाले ते माझ्या लक्षातही आलं नाही.

खात्रीसाठी बेसिन पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बावीस थेंब. केस क्लोज्ड.

पिशवीतलं रहस्य

बेसिनखाली बॅटरी धरून आडवी झाले (अनुभव कामी आला!). बेसिनचा वेस्ट पाइप खाली जमिनीतल्या मोठ्या पाइपमध्ये नुसता सोडलेला होता. तिथे जे रबरी रिंग असायला हवं होतं, ते नव्हतंच. त्याऐवजी कोणीतरी दुधाची रिकामी पिशवी कोंबली होती. बेसिनमधून पाणी जोरात गेलं की खालच्या पाइपच्या तोंडाशी उसळायचं आणि पिशवीच्या कडेने फरशीखाली उतरायचं. ६५ हजारांच्या बजेटचा खलनायक म्हणजे अर्ध्या लिटरची पिशवी!

सामान आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. दुकानदाराने विचारलं, "किती इंची?" मी हाताने दाखवलं. मागे उभे असलेले दोन प्लंबर एकमेकांकडे बघून हसले. दुसरा धडा: हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना पार्ट काढून सोबत न्या. तो निघत नसेल तर पट्टी लावून फोटो काढा. मी परत घरी जाऊन जुना पाइप घेऊन आले, मग दोन मिनिटांत काम झालं.

काम असं केलं. अँगल कॉक बंद. खाली बादली. बॉटल ट्रॅप, म्हणजे बेसिनखाली बाटलीसारखं लटकतं ते, हाताने फिरवून काढलं. त्यातून केसांचा एक गुंता, दोन इअररिंग्ज आणि एक टूथपेस्टचं झाकण निघालं. ते साफ करून आतले वॉशर बदलले. नवीन वेस्ट पाइप, त्याला मापाचं रबरी रिंग, आणि जमिनीपाशी कडेने सिलिकॉन सीलंट. सीलंट लावायची जागा ठणठणीत कोरडी हवी आणि लावल्यावर पूर्ण एक दिवस पाणी लावायचं नाही. ओल्या जागेवर लावलं तर ते धरतच नाही.

आणि हो, पहिल्या फटक्यात मी बॉटल ट्रॅपचं प्लॅस्टिकचं नट पान्याने इतकं आवळलं की त्याला चीर गेली. पुन्हा बोहरी आळी. प्लॅस्टिकची नटं हाताने आवळायची, वर फार तर पाव फेरा. 'जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्कं' हा फंडा प्लंबिंगमध्ये चालत नाही. नात्यांमध्येही नाही, पण तो वेगळा कॉलम.

एकूण खर्च ७४० रुपये. त्यात फुटलेलं नट आणि दोन्ही वेळचं बोहरी आळीचं रिक्षाभाडंही आलं.

थांबा, टाळ्या नकोत

इथे 'कॉन्ट्रॅक्टर लुटारू, मी हुशार' असा शेवट करायचा मोह झाला होता. पण ते खरं नाही. नहाणीच्या ट्रॅपचा जोड सुटलेला असता, किंवा खरंच वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, तर फरशी फोडावीच लागली असती. तेव्हा वरून सीलंट फासणं म्हणजे तापावर अत्तर. फोडणं चुकीचं नसतं, न शोधता फोडणं चुकीचं असतं.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. गळती थांबल्यावर मी काकांकडे छत बघायला गेले. पिवळट डाग, त्याभोवती लोणा लागून आलेली पांढरी पूड, आणि मधोमध एक सरळ, बारीक चीर. काकांनी स्टुलावर चढून दाखवली. "ही चीर सळईच्या रेषेत आहे," म्हणाले.

तोपर्यंत मला वाटत होतं, ओल म्हणजे डाग. वाईट दिसतो, रंग मारला की गेला. पण स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात. पाणी तिथपर्यंत पोचत राहिलं की त्या गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून सळई फुगते, आतून काँक्रीटला ढकलते, मग चीर पडते आणि शेवटी पोपडे सुटून तुकडे खाली येतात. माझी फरशी आणि काकांचं छत हा एकच स्लॅब आहे. जानेवारी ते एप्रिल मी जे 'बघते, बघते' म्हणत होते, तेव्हा तो स्लॅब पाणी पीत होता. त्या खालून काकू रोज दहा वेळा ये-जा करत होत्या.

नशिबाने चीर अजून केसाएवढीच होती. सोसायटीच्या ओळखीच्या एका इंजिनिअरने येऊन बघितलं. सैल प्लास्टर काढून, सळई साफ करून दुरुस्ती करायला सांगितली. आणि रंग लगेच नाही, भिंत पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर फुगे येतील. तो खर्च मी दिला. साडेसात हजार. तो माझ्या नळाचा नव्हता, माझ्या आळसाचा होता.

खर्च कोणाचा यावरून सोसायट्यांमध्ये महाभारतं होतात, म्हणून सांगून ठेवते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार टॉयलेट, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या घरातल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. गच्चीतून येणारं, पावसाचं आणि बाहेरच्या सामायिक पाइपांमधून येणारं पाणी ही सोसायटीची जबाबदारी. म्हणजे गळतीचा स्वभाव ओळखता आला, तर अर्ध्या वादाचा निकाल तिथेच लागतो.

इथे हात जोडायचे, लावायचे नाहीत

वॉशर बदलून कॉन्फिडन्स वाढला की माणूस स्विचबोर्ड उघडायला जातो. नको! पाण्याची चूक फरशी पुसून सुधारता येते, विजेची नाही. बल्ब बदला, पंखा पुसा, तेही स्विच नाही तर मेन बंद करून. वायरिंग, गीझरचं आतलं काम आणि नवीन पॉइंट लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनलाच द्या.

तुम्ही एक गोष्ट मात्र जरूर करा. तुमच्या इलेक्ट्रिक बोर्डात एमसीबीच्या ओळीत एक जरा रुंद स्विच असेल, ज्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला, म्हणजे तो कुठेतरी, कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत चाललाय असं समजून तो वीज तोडतो. घरांसाठी साधारण ३० मिलिअँपिअरचा लावतात. महिन्यातून एकदा ते बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. पडला नाही, किंवा घरात तो नाहीच, तर इलेक्ट्रिशियनला आजच फोन. माझ्याकडे नव्हता. आता आहे.

गॅसचंही तेच. एलपीजीची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची, नळीवर तारीख असते. जोडापाशी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघणं एवढंच आपलं काम. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, एकाही स्विचला हात न लावता बाहेर जाऊन १९०६ वर फोन.

या वीकएण्डला एवढंच करा

१. मेन वॉल्व शोधा, फिरवून बघा, त्यावर नाव टाका. घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

२. फ्लश टँकमध्ये खायच्या रंगाचे चार थेंब टाका. अर्धा तास फ्लश करू नका. तेवढ्यात भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय.

३. टपटपणाऱ्या नळाखाली रात्री लिटरची बाटली ठेवा. माझी पाच तासांत भरली. म्हणजे दिवसाला जवळपास पाच लिटर, वर्षाला साडेसतराशे! फिरकीच्या नळाला बहुतेकदा नुसता वॉशर लागतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळाला आतलं कार्ट्रिज बदलावं लागतं.

४. नळाची धार बारीक झालीय? तोंडाची जाळी फिरवून काढा, व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून ब्रशने घासा.

५. टेफ्लॉन टेप गुंडाळताना आट्यांचं तोंड तुमच्याकडे करा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटत जाते.

६. भिंत ओली वाटतेय? अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा, एक दिवस थांबा. भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला आलं तर ती हवेतली वाफ, खिडकी उघडा.

७. पेटी बनवा. स्क्रू पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंचाचे वॉशर, बॅटरी. माझी साधारण बाराशे रुपयांत झाली.

८. आणि खालच्यांनी 'ओल दिसतेय' म्हटलं, तर त्याच दिवशी खाली जाऊन बघा.

ता. क.

गेल्या रविवारी सकाळी पुन्हा बेल. पुन्हा काका, पुन्हा हातात काहीतरी. माझ्या पोटात गोळा! पण या वेळी स्टीलचा तांब्या होता.

"कैरीचं पन्हं," काका म्हणाले. "काकूंनी दिलंय. तुझ्याकडे पाना, आमच्याकडे पन्हं."

आपल्या विनोदावर स्वतःच हसून ते जायला वळले, मग जिन्यात थांबले. "अगं, ते तिसऱ्या मजल्यावरचं दुसरं घर आहे ना, त्यांच्या खालच्यांकडेही ओल आलीय म्हणे. मी त्यांना वही दाखवली. शनिवारी वेळ आहे का तुला?"

आहे, काका. आता 'बघते' नाही म्हणणार, येते.

(पुढच्या आठवड्यात: किचनचं सिंक तुंबलं की त्यात आधी काय ओतायचं नाही!)